उपाशी पिशवीला प्राणवायू

कर्करोग बरा होऊन सात-आठ वर्षं झालेली असतात. सिद्धेश्वराला नारळ वाढवून झालेला असतो, उपचारांची फाइल कपाटावरच्या ट्रंकेत गेलेली असते, शेजारीपाजारी त्या आजाराचं नावही विसरलेले असतात. आणि एके दिवशी लघवी लालसर होते. सोलापुरात ही गोष्ट एप्रिल-मेमध्ये घडली, तर निदान घरातल्या घरातच होऊन जातं: उन्हाळी लागली. शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही घरात त्यावरचे उपाय तोंडपाठ असतात. धने भिजत पडतात, सब्जा येतो, माठात वाळ्याची जुडी जाते, ताटातली शेंगाचटणी बंद होते. चार दिवसांत लघवीचा रंग निवळतो आणि श्रेय वाळ्याला मिळतं.

घात होतो तो इथेच. हे रक्त मुळातच येऊन-जाऊन असतं. काही न करताही थांबतं आणि दोन महिन्यांनी पुन्हा येतं, या वेळी गुठळ्यांसकट. एखादी गुठळी मूत्राशयाच्या तोंडाशी अडकली की लघवी कोंडते, ओटीपोट तटतटतं आणि रात्री दोन वाजता रिक्षा शोधायची वेळ येते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी जुन्या आजारपणाबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, ‘गर्भपिशवीचा त्रास होता, बरा झाला.’ आठ वर्षांपूर्वी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला होता, हे सांगायचं राहून जातं. त्या शेकाचा आणि आजच्या रक्ताचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. ही कुणा एका बाईची हकिगत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर रेडिएशन घेतलेल्या कितीतरी बायकांच्या, आणि प्रोस्टेटसाठी ते घेतलेल्या पुरुषांच्याही, वाट्याला ती येते.

सोलापूर जिल्ह्यातून या विषयाकडे पाहण्याला एक वेगळं कारण आहे. कर्करोगाच्या जागतिक अभ्यासात या जिल्ह्याचं नाव बार्शीमुळे घेतलं जातं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते स्वतः जायचे, लोकांना लक्षणं समजावून सांगायचे, संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात आणायचे. नोंदणीच्या वहीतून जे चित्र पुढे आलं, त्यात या भागातल्या बायकांचा सर्वात मोठा कर्करोग होता गर्भाशयमुखाचा. नुसत्या समजावण्यानेही फरक पडला. बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या, हे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आकड्यांनिशी मांडलं.

त्यानंतरचं काम तर जगभर गाजलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची पाहणी केली. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली, तर पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. रोग लवकर सापडला तर अनेकींचं शस्त्रक्रियेवर भागतं. उशिरा सापडला तर मुख्य उपचार रेडिएशन. रेडिएशनने अनेक जणी वाचतात, वर्षानुवर्षं जगतात, आणि मग त्यातल्या काहींना आपण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो त्रास गाठतो. मेलेल्या माणसाला तो होत नाही, असं कुणी कोरडेपणाने म्हणेल. पण बरं झालेल्या बाईने या उत्तरावर समाधान का मानावं?

रेडिएशनने होतं तरी काय? गर्भाशयमुखाच्या आजारात बाहेरून दिला जाणारा शेक साधारण पाच आठवडे चालतो, पंचवीसेक बैठका, एकूण ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक). त्यानंतर आतून, म्हणजे योनिमार्गातून नळ्या बसवून आणखी मात्रा दिली जाते आणि गाठीपुरती एकूण मात्रा ८० ग्रेच्या घरात किंवा वर नेली जाते. मूत्राशय या जागेला अगदी पुढून चिकटलेलं असतं, गुदाशय मागून. किरण कितीही नेमके सोडले तरी या दोन शेजाऱ्यांना झळ लागतेच. उपचार चालू असताना होणारी जळजळ, वारंवार लघवीला जावं लागणं, हे बहुतेकींना माहीत असतं आणि ते दोन-तीन महिन्यांत ओसरतं. उशिराचा त्रास निराळा. तो सहा महिन्यांनी सुरू होऊ शकतो, वीस वर्षांनीही होऊ शकतो. ओटीपोटावर रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो.

किरणांचा मार मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बसतो. त्यांचं आतलं अस्तर सुजतं, जाड होतं, आणि वर्षं जातात तशी वाहिनी आतून बुजत जाते. रक्त कमी, म्हणून प्राणवायू कमी. प्राणवायू कमी, म्हणून झीज भरून निघत नाही. स्नायूंच्या जागी चिवट, निबर धागे तयार होतात. चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी निवांत साठवणारी पिशवी आक्रसते आणि बाईला दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. लग्नाला जाणं सुटतं, एसटीचा प्रवास सुटतो, रात्रीची झोप सुटते. दुसरीकडे शरीर वेडीवाकडी डागडुजी करतं: अस्तराच्या अगदी पृष्ठभागावर पातळ भिंतीच्या, फुगीर रक्तवाहिन्या उगवतात. पिशवी ताणली गेली की त्या फुटतात. लघवीतलं रक्त ते हेच.

आता एक साधा प्रश्न पडेल. प्राणवायू कमी पडतो आहे ना, मग नाकाला नळी लावून सिलिंडर चालू करावा, झालं! करोनाच्या काळात प्रत्येक घराने ऑक्सिमीटर पाहिला आहे. निरोगी माणसाच्या बोटाला तो लावला तर आकडा ९७-९८ येतो. याचा अर्थ रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं आहे, त्यात आणखी प्राणवायू कोंबायला जागाच नाही. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण वीस मिलिलिटर प्राणवायू असतो आणि तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनवर बसलेला असतो. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेला भाग जेमतेम ०.३ मिलिलिटर. शुक्रवार पेठेच्या बोळात एसटी शिरत नाही, ती कितीही भरून आली तरी. बोळात शेवटच्या घरापर्यंत पोचतो तो पायी चालणारा. बुजत आलेल्या वाहिनीतून लाल पेशी पुढे जात नाहीत, तिथे उपयोग विरघळलेल्या प्राणवायूचा, आणि वाढवायचा तोच.

तो वाढवायचा कसा, याचं उत्तर १८०३ साली मँचेस्टरच्या विल्यम हेन्रींनी देऊन ठेवलं आहे: द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात जास्त विरघळतो. शुद्ध प्राणवायू नेहमीच्या दाबाला घेतला तर प्लाझ्मातलं प्रमाण दोन मिलिलिटरच्या आसपास जातं. हवेच्या तिप्पट दाबाला तेच सहा मिलिलिटर होतं. शरीर स्वस्थ असताना शंभर मिलिलिटर रक्तातून साधारण पाच-सहा मिलिलिटर प्राणवायूच उचलतं. म्हणजे तिप्पट दाबाला, निदान कागदावर तरी, हिमोग्लोबिनची गरजच उरत नाही. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी हे कागदावर ठेवलं नाही. त्यांनी डुकरांच्या पिल्लांचं रक्त काढून त्या जागी लाल पेशी नसलेला द्रव भरला आणि दाबाच्या खोलीत शुद्ध प्राणवायूवर ती जिवंत ठेवली. नंतर रक्त परत दिल्यावर ती सावरली. १९६० साली त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच रक्ताविना जगण्याचा उल्लेख होता. आज तो वाचताना अंगावर काटा येतो, पण दाबाखालच्या प्राणवायूच्या सगळ्या उपचारांचा पाया त्यात आहे.

पण मूत्राशय काही तासांच्या प्राणवायूवर वर्षभर कसं जगेल? खोलीतून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात पातळी पूर्ववत होते. उपचाराचं खरं मर्म इथे आहे आणि ते थोडं थांबून समजून घेण्याजोगं आहे. विळीने बोट कापलं तर जखमेच्या मध्यभागी प्राणवायू जवळजवळ नाही आणि दोन मिलिमीटरवर भरपूर, असा तीव्र उतार तयार होतो. हा उतार हीच शरीराला मिळणारी खबर असते. तो दिसला की दुरुस्ती करणाऱ्या पेशी धावतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. किरणांनी झालेली जखम मात्र सगळीकडे सारखी आणि हळूहळू पसरलेली असते. मध्यभागी थोडा कमी, कडेला थोडा जास्त, असा सपाट चढ. शरीराला आपल्याला जखम झाली आहे हे कळतच नाही. दाबाखाली प्राणवायू दिला की निरोगी कडेला तो उसळतो, निकामी भाग मागे राहतो, दोन्हींतला फरक ठळक होतो आणि वर्षानुवर्षं न मिळालेली खबर पोचते. अमेरिकेतल्या मायामीचे जबड्याचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८० च्या दशकात ही मांडणी केली. त्यांच्या मोजमापांत पहिल्या सात-आठ बैठकांत फारसं काही घडत नव्हतं, मग प्राणवायूची पातळी चढू लागायची आणि विसाव्या बैठकीच्या पुढे स्थिरावायची. पाचव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून घरी परतणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मूत्राशयासाठीचा पुरावा किती भक्कम आहे? बुरेमांच्याच ॲमस्टरडॅममधून १९९५ साली एक दखलपात्र अहवाल आला. रेडिएशननंतर लघवीतून जोराचं रक्त जाणाऱ्या ४० रुग्णांना हवेच्या तिप्पट दाबाला, दर वेळी ९० मिनिटं, अशा वीस बैठका दिल्या. ३७ जणांचं रक्त थांबलं किंवा कमी झालं. आकडा देखणा, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि जे रक्त आपणहूनही थांबतं, त्या आजारात तुलनेचा गट नसेल तर वाळ्याची जुडी आणि दाबाची खोली यांच्यात निवाडा करता येत नाही.

तो निवाडा करणारी चाचणी २०१९ साली आली. गोथेनबर्गचे निक्लास ऑस्कारसन यांच्या पुढाकाराने उत्तर युरोपातल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी ८७ रुग्ण निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला शुद्ध प्राणवायू, हवेच्या २.४ ते २.५ पट दाबाला, रोज ८० ते ९० मिनिटं, ३० ते ४० बैठका. लघवीच्या त्रासाचं मोजमाप शंभर गुणांच्या पट्टीवर रुग्णांनीच केलं. नेहमीच्या उपचारांत सुधारणा सरासरी ७.७ गुणांची झाली, प्राणवायूच्या गटात १७.८ गुणांची. उपचार घेतलेल्या ४१ जणांपैकी १७ जणांना कान किंवा डोळ्यांचे तात्पुरते त्रास झाले. चाचणीत एक उणीव होती: आपण खोलीत बसतो आहोत हे रुग्णांना माहीत होतं, आणि मोठ्या यंत्रात बसून आल्यावर बरं वाटणं हे माणसाच्या स्वभावात आहे.

ही शंका पोकळ नाही. ब्रिटनमध्ये रेडिएशनने आतड्यांना इजा झालेल्या ८४ जणांवर अशीच चाचणी झाली. तिच्यात तुलनेच्या गटालाही त्याच खोलीत बसवलं, दारं लावली, दाब थोडासाच, १.३ पट, वाढवला आणि साधी हवा दिली. कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णांना कळलं नाही. २०१६ साली निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही. मूत्राशय आणि आतडं हे वेगळे अवयव आहेत, एकाचा निकाल दुसऱ्यावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. माझं मत असं, की मूत्राशयासाठी हा उपचार विचारात घेण्याइतका पुरावा नक्की आहे. हमखास गुणाची हमी देण्याइतका नाही. अशी हमी जो देईल त्याच्या दारातून परत फिरावं.

त्या १.३ आकड्याचा एक उपयोग वाचकाला थेट होईल. हल्ली मोठ्या शहरांत ‘ऑक्सिजन थेरपी’च्या नावाखाली कापडी किंवा रबरी, हवा भरून फुगणाऱ्या पिशव्या दाखवल्या जातात. तारुण्य टिकवण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर त्यांचा उतारा सांगतात. यांतल्या बहुतेकांचा दाब १.३ पटीच्या आसपास असतो. ब्रिटिश संशोधकांनी खोटा उपचार म्हणून जो दाब वापरला, तोच हा! लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसाने तिथे पैसे आणि वेळ घालवू नये. दोनपटीहून जास्त दाब पेलणारी खोली पोलादाची तरी असते, नाहीतर जाड पारदर्शक ॲक्रिलिकची. ती चालवायला प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि जवळ डॉक्टर लागतो.

खोलीत नेमकं काय होतं? २.४ पट दाब म्हणजे समुद्रात साधारण १४ मीटर खोल गेल्यासारखा, फक्त कोरड्या अंगाने. दार बंद होतं, फुसकारा ऐकू येतो, आतली हवा कोमट होते आणि कानाला दडे बसतात. नाक दाबून हलकेच फुंकर मारायची, आवंढा गिळायचा, म्हणजे दडे सुटतात. न सुटल्यास ताबडतोब सांगायचं, सोसत बसायचं नाही, नाहीतर पडद्याला इजा होते. मोठ्या खोलीत अनेक जण खुर्च्यांवर बसून मास्कमधून किंवा डोक्यावरच्या पारदर्शक टोपातून प्राणवायू घेतात. एकट्याच्या यंत्रात झोपून राहायचं असतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने ते आधीच सांगावं. मध्ये-मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा देतात, कारण दाबाखालचा प्राणवायू सलग घेतल्यास क्वचित झटका येऊ शकतो.

आत जाण्यापूर्वीची झडती मात्र कडक असते आणि ती असायलाच हवी. नायलॉनची साडी चालत नाही, सुती कपडे घालावे लागतात. केसाला खोबरेल तेल नको, तोंडाला क्रीम नको, अत्तर नको. मोबाइल, श्रवणयंत्र, काडेपेटी बाहेर. शुद्ध प्राणवायूत ठिणगीला निमित्त पुरतं. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीतल्या मिलान शहरात एका रुग्णाने हात शेकायचं छोटं उपकरण आत नेलं, आग लागली आणि ११ माणसं गेली. तेव्हा तंत्रज्ञाने पदर तपासला तर राग मानू नये. मधुमेह असेल तर आत साखर उतरू शकते, म्हणून खाऊन जायचं आणि आधी साखर तपासायची. मिश्री लावणाऱ्या बायकांना तर स्पष्टच सांगायला हवं: मिश्री म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू त्याच बारीक वाहिन्या आकसवते ज्या उघडण्यासाठी हा खटाटोप चालला आहे. बिडीचंही तेच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गंमत होते. चष्म्याशिवाय पंचांग न वाचता येणाऱ्या आजीला ते अचानक वाचता येऊ लागतं, उलट भिंतीवरचं घड्याळ पुसट दिसतं. डोळ्यांतल्या भिंगावर प्राणवायूचा तात्पुरता परिणाम होतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, नजर मूळपदावर येते. तोवर नवा चष्मा करू नये. छातीत हवा साठलेली असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, तर हा उपचार मुळीच देता येत नाही. फुप्फुसाचा जुना आजार किंवा पूर्वी घेतलेलं ब्लिओमायसिन हे औषध असेल तर डॉक्टरांना फार विचार करावा लागतो.

यातलं काहीही सुरू करण्याआधी एक पायरी चुकवायची नाही: दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी. शेक घेतलेला आहे म्हणून रक्त शेकामुळेच, असं गृहीत धरणं ‘उन्हाळी’ म्हणण्याइतकंच धोक्याचं. मूत्राशयाचा नवा कर्करोग, जुन्याचं पुनरागमन, मुतखडा, जंतुसंसर्ग, क्षय, सगळ्यांत लघवी लाल होते. दुर्बिणीतून युरोलॉजिस्ट फुटक्या वाहिन्या पाहतात, गुठळ्या धुऊन काढतात, रक्त गळणारी जागा विजेने किंवा लेसरने बंद करतात. शेक बसलेल्या जागेचा तुकडा काढताना त्यांना हात राखावा लागतो, कारण तिथली जखम लवकर भरत नाही आणि मूत्राशयाला योनीकडे भोक पडण्याचा धोका असतो.

रक्त धो-धो असेल तर तीन तोंडांची नळी घालून मूत्राशय सलाईनने सतत धुतात. आणि तेवढ्याने भागलं नाही तर वापरतात ती तुरटी! होय, तीच, गढूळ पाणी निवळणारी आणि न्हाव्याच्या पेटीत असणारी. १९८२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी मूत्राशयाच्या रक्तस्रावासाठी तिचा वापर नोंदवला. एक टक्क्याचं निर्जंतुक द्रावण नळीवाटे सोडलं की पृष्ठभागावरची प्रथिनं साकळतात आणि वाहिन्यांची तोंडं मिटतात. भूल द्यावी लागत नाही, खर्च फारसा नाही. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्र ॲल्युमिनियम अंगात साठून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून रुग्णालयाबाहेर, घरगुती प्रकार म्हणून, तुरटीच्या वाटेला जाऊ नये. फॉर्मालिन हा त्याहून जहाल उपाय. तो भुलीखालीच द्यावा लागतो आणि पिशवी आणखी आक्रसवतो. त्यापुढची पायरी म्हणजे रक्तवाहिनी आतून बंद करणं, आणि अगदी शेवटी मूत्राशय काढून पोटावर लघवीची वाट करणं.

या सगळ्या उपायांनी गळती थांबते, भिंत सुधारत नाही. भिंतीला रक्तपुरवठा परत मिळवून देण्याचा दावा एकट्या दाबाखालच्या प्राणवायूचा आहे. म्हणूनच तो सगळं थकल्यावर शेवटी आठवण्याचा उपचार नाही, पिशवी पुरती आक्रसण्याआधी विचारण्याचा आहे. आक्रसून निबर झालेली पिशवी प्राणवायूने पुन्हा मोठी होईल, अशी आशा ठेवण्यात फार अर्थ नाही.

भारतात हे शास्त्र आलं पाणबुड्यांच्या मागोमाग. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं आयएनएचएस अश्विनी हे रुग्णालय आणि इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. खोल पाण्यातून भरभर वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्यावरचा उपचार हीच दाबाची खोली. आता मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांतही ती आहे. पण चाळीस बैठका, आठवड्यातून पाच, म्हणजे आठ आठवडे. शुक्रवार पेठेतल्या कुटुंबासाठी प्रश्न प्राणवायूचा उरतच नाही. पुण्यात दोन महिने राहायचं कुणाकडे, सोबत कोण, त्याच्या कामाचे खाडे किती, दर अर्ध्या तासाला लघवीला जावं लागणाऱ्या बाईने अडीचशे किलोमीटर प्रवास करायचा कसा, हे प्रश्न उरतात. विडी कारखान्यात किंवा मागावर मजुरी करणाऱ्या घरात दोन महिन्यांचे खाडे म्हणजे चूल थंड. म्हणून आधी विचारायचं ते हे: किती बैठका, एकीचा खर्च किती, सरकारी आरोग्य योजनेत किंवा विम्यात बसतं का ते लेखी द्याल का, रुग्णालयाजवळ धर्मशाळा आहे का. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठायचं. कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा अर्ज रुग्णालयातून भरून घ्यायचा.

इजा मुळात कमी व्हावी यासाठीचं काम आपल्याकडे चांगलं झालं आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० बायकांवर दोन पद्धतींची तुलना केली. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर तीन वर्षांत ४२.४ टक्के बायकांना आतड्यांचा मध्यम ते गंभीर त्रास झाला. रोज प्रतिमा पाहून नेम धरणाऱ्या नव्या पद्धतीत २१.१ टक्के. हा हिशेब आतड्यांचा आहे, मूत्राशयाचा नव्हे, पण नेम सुधारल्याने शेजाऱ्याला लागणारी झळ कमी होते, हे त्यातून सिद्ध झालं. शेक घेण्यापूर्वी ‘इतकं पाणी पिऊन, पिशवी भरून या’ असं तंत्रज्ञ सांगतात, तेही याचसाठी. कंटाळा न करता ते पाळावं.

ज्या घरात कुणी ओटीपोटावर शेक घेतला आहे, त्या घराने एक कागद जन्मभर सांभाळावा: कुठल्या तारखांना, कुठे, किती ग्रे रेडिएशन दिलं याचा रुग्णालयाने दिलेला गोषवारा. तो हरवला असेल तर रुग्णालयाकडून प्रत मागून घ्यावी. लघवीत रक्त एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरीही तो कागद घेऊन त्याच आठवड्यात युरोलॉजिस्टकडे जावं, पहिल्याच वाक्यात शेक घेतल्याचं सांगावं, आणि दुर्बिणीने दुसरं कारण निघालं नाही तर दाबाखालच्या प्राणवायूबद्दल आपणहून विचारावं.